नंबर नसलेली सिस्टर

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिला सगळे 'सिस्टर' म्हणत आणि ती त्या हाकेला ओ देत नसे. कुणी 'ए सिस्टर' म्हटलं की सरळ चालत राहायची. पुन्हा हाक आली तर थांबून सांगायची, "वंदना म्हणा. सिस्टर व्हायची आहे अजून." नागपूरला राहून तिने बी.एस्सी. नर्सिंग केलं होतं, चांगल्या मार्कांनी केलं होतं. तिकडच्या राज्यात तिची परिचारिका म्हणून नोंदणीही झाली होती. पण रायपूरमध्ये नर्स म्हणून उभं राहायचं तर छत्तीसगडचा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो नव्हता. तो नसताना मिळणारा मान तिला नको होता. वंदूताई माझी मावसबहीण. मी पत्रकांच्या घरात वाढलो, हट्टी माणसं भरपूर पाहिली. तिच्याइतकं हट्टी कुणी पाहिलं नाही.

पत्रकांचं घर म्हणजे खरोखरच तसं. बाबा रेल्वेतल्या युनियनचे. संपाची पत्रकं, जयंतीची पत्रकं, वसतिगृहाच्या मागणीची पत्रकं दिवाणाखाली गठ्ठ्यांनी असायची, आणि मला अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. अन्याय दिसला की माझा हात आपोआप 'बंधू-भगिनींनो' लिहायला लागतो. वंदूताई यावर हसायची. "तुमच्या घरी ताप आला तरी मोर्चा निघते," म्हणायची, "गोळी कोणी आणत नाही."

तिला काय हवं होतं, ते बारावीपासून ठरलेलं होतं. तेव्हा नवं राज्य होऊन फार काळ झाला नव्हता. रायपूर राजधानी झालं आणि शहरात दर महिन्याला एका नव्या नर्सिंग कॉलेजची पाटी दिसू लागली. सरकारी कॉलेजच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं, म्हणून आम्ही खाजगी कॉलेजं पाहत फिरलो. तेलीबांध्याकडच्या एका कॉलेजात सोफे होते, थंडगार हवा होती, काचेच्या कपाटात सांगाडा होता. काउंटरवरचा माणूस कौतुकानं म्हणाला, "मॅडम, पूरी बिल्डिंग एसी है."

"भैया, मरीज कहाँ हैं?" वंदूताईनं विचारलं.

"मरीज?"

"अस्पताल कौन सा है आपका? हम सीखेंगे किस पर?"

"वो हो जाएगा मॅडम. बात चल रही है."

"और मान्यता?"

"उसकी भी बात चल रही है."

जिना उतरताना ती म्हणाली, "जिथं खाट नाही तिथं कायची नर्सिंग? बाहुलीले सुया टोचू का चार वर्षं?" पुढे प्रत्येक कॉलेजात तिचा पहिला प्रश्न तोच राहिला. फीबद्दल तिचे वडील, म्हणजे मावसाजी, विचारत, होस्टेलबद्दल मावशी विचारे, आणि ही विचारे, खाटा कुठं आहेत?

खाटा सापडल्या त्या नागपुरात. कॉलेजला लागूनच मोठं रुग्णालय होतं, आणि मामाचं घर तिथून जवळ. मावसाजी खूश झाले. "नागपूर का परदेश आहे? पोट्टी आपल्याच घरी राहीन." रायपूरच्या आमच्या मराठी लोकांची ही जुनी चूक आहे. आमचं रेशनकार्ड इथलं, मत इथलं, नोकरी इथली, पण 'गावाला चाललो' म्हणजे नागपूर, नाहीतर भंडारा. सुना तिकडून आणायच्या, तिखट तिकडून आणायचं, दुखणं वाढलं की डॉक्टरही तिकडचाच. मधे राज्याची सीमा आहे हे आमच्या डोक्यात कधी शिरतच नाही. त्यामुळे शिक्षण तिकडे आणि नोकरी इकडे, तर नोंदणीचं काय, हा प्रश्न घरात कुणीही विचारला नाही. वंदूताईनंही नाही. तिने कॉलेज अगदी बरोबर निवडलं. तरी तिचीच वाट अडली, याची चीड मला आजही येते.

परत आल्यावर तिने इथल्या कार्यालयात अर्ज दिला. नियम असा, की तिकडच्या कार्यालयाने तिची कागदपत्रं खरी असल्याचं परस्पर इकडे कळवायचं. उमेदवाराने ते पत्र हातात आणलेलं चालत नाही. इकडचे म्हणत, वहाँ से आया नहीं. तिकडचे म्हणत, पाठवलं आहे. पुन्हा पाठवायला अर्ज, पुन्हा तेच उत्तर. तिच्यानंतर, तेलीबांध्याच्या त्याच कॉलेजातून शिकून आलेल्या मुलींना मात्र क्रमांक मिळाले, कारण त्या इथल्याच. मी संतापून म्हणायचो, की हा नियम जाळला पाहिजे. ती म्हणायची, "नियम बरोबर आहे. हातानं आणलेला कागद खोटा असू शकते. उद्या तुले खोटी नर्स सुई देईन, तं चालंन का?" मला गप्प करायची तिची ही पद्धत होती, आणि गप्प झाल्यावर मी जास्तच चिडायचो. नियम बरोबर, माणसंही बरोबर, मग एक पत्र दोन राज्यांच्या मधे कुठे बसलं होतं?

चौबे कॉलोनीतल्या एका नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं होतं. आजच ये, नंबरचं नंतर पाहू, आमच्याकडे कुणालाच कुणी विचारत नाही, असं ते म्हणाले. तिने नमस्कार केला आणि घरी आली. मावशीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"काहून नाही म्हणून आली?"

"नंबर नाही तं सुई नाही, आई."

"बाकीच्या पोट्ट्या काय करून राहिल्या मग? त्यायच्याजवळ आहे नंबर?"

"म्हणून तं मले भीती वाटते."

"तुले कायची भीती? तुले येते ना सारं!"

"मले येते हे तुले माहीत आहे. पेशंटले कसं माहीत राहीन?"

मावशीने पोळी जाळली आणि दोष वंदूताईला दिला.

गल्लीचा राग तर त्याहून मोठा होता. शेजारच्या साहूकाकांना रोज एक इंजेक्शन घ्यायचं होतं. घराशेजारी नर्स असताना दवाखान्यात कशाला जायचं, असा त्यांचा साधा हिशेब. ती नाही म्हणाली. काका दारातूनच ओरडले, "नागपूर जाके बड़ी मेमसाब हो गई है!" तिने चप्पल घातली. "चला काका, मी येते संग." मग रोज ती त्यांचा हात धरून सरकारी दवाखान्यात घेऊन जायची, रांगेत त्यांच्याजागी उभी राहायची आणि परत आणायची. काका जाताना शिव्या देत, येताना घरची भांडणं सांगत. इंजेक्शनं संपली तरी काही दिवस ते सकाळी दारात येऊन विचारत, "जाबो का बेटी?" जायचं का, म्हणून.

अशात सरकारी भरतीची जाहिरात आली. जागा भरपूर होत्या, अट एकच होती, याच राज्याची नोंदणी. वंदूताई रोज त्या कार्यालयात जाऊन बसू लागली. मी रात्रंदिवस धुमसत होतो. शेवटी पत्रक लिहिलं. 'नवं राज्य कुणासाठी?' असा मथळा दिला आणि तिला वाचून दाखवलं.

"मस्त आहे," ती म्हणाली. "छापू नको."

"काहून?"

"तिथं टेबलापाशी एकच बाबू बसते. राज्य वेगळं झालं तं जुन्या राज्यातून अर्धी कागदं आली, अर्धी आलीच नाही, आणि हा एकटा शोधून राहिला. तुझं पत्रक पहिले त्याच्याच नाकावर पडंन. वरच्यायले पत्ताबी नाही लागणार."

"मग तू काय करणार? बसूनच राहणार?"

"हव," ती म्हणाली. "बसणार."

मी ते पत्रक फाडलं नाही आणि छापलंही नाही. आम्ही दोघं बरोबर होतो, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. भरतीची मुदत संपली. त्या संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले, मावशीला भाजी निवडू लागली. मी काही बोलणार तर म्हणाली, "आज नको रे भाऊ."

त्यानंतर ती फार दिवस थांबली नाही. नागपूरच्या तिच्याच रुग्णालयातून बोलावणं आलं होतं. तिथे तिची नोंदणी चालत होती. तिथे ती सिस्टर होती. स्टेशनवर मावसाजी पुन्हा तेच म्हणाले, नागपूर का परदेश आहे. या वेळी त्यांचा आवाज बसला होता. गाडी सुटताना वंदूताई मला म्हणाली, "आईचं बीपी पाहत जा. पाहायले नंबर लागत नाही." इथल्या अर्जाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ती विचारत नाही, आणि मी विचारलं तर विषय बदलते.

मागच्या उन्हाळ्यात मावशीला न्यूमोनिया झाला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिला ठेवलं होतं. मी दुपारी तिच्याजवळ बसलो होतो, वंदूताई फोनवर होती, दुसऱ्या दिवशी नागपूरहून निघणार होती. सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढताना दिसलं. मी हाका मारल्या. कुणी आलं नाही. मी फोन हातात तसाच धरून वॉर्डाच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडायला लागलो, की कब से बुला रहे हैं, कोई है कि नहीं यहाँ! एक मुलगी पळत आली. वयानं अगदी लहान, टोपीखाली घाम. सलाईन बंद करता करता म्हणाली, "भैया, मैं अकेली हूँ. पूरे वॉर्ड में आज मैं ही हूँ."

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमधून वंदूताईचा आवाज आला. "तिच्यावर ओरडू नको."

"पण ताई, मावशीच्या नळीत..."

"ओरडू नको म्हटलं ना! एकटीच आहे ते." मी फोन कानाला लावला. "तिच्या बाजूले मी राहायले पाहिजे होती," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज असा फाटलेला मी पहिल्यांदा ऐकला. "फोन दे तिले."

मुलीने फोन कानाला धरला. मला इकडचंच ऐकू येत होतं. "जी दीदी. हाँ दीदी, निकाल दिया. खाना? नहीं दीदी, टाइम नहीं मिला." तिने फोन मला परत दिला.

मी खाली जाऊन पोहे आणले. ती खिडकीशी उभ्यानेच खाऊ लागली. दुसरा घास तोंडात जायच्या आत पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हात वर केला. तिने पोह्यांचा कागद माझ्या हातात दिला आणि त्याच्याकडे गेली. मी तो धरून उभा राहिलो. ती परत आली तेव्हा पोहे गार झाले होते.