बजरंगने लावलेली पाटी

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. पहाटे एक सर, नऊनंतर ऊन. गॅसचा सिलिंडर आला. सकाळी चटणी वाटताना मिक्सर अडकला, खाली बजरंगकडे दिला, तो बायकोसाठी सध्या रजेवर आहे. पूर्णिमा अजून पोळ्यांना येत नाही. यमुनाबाई तिला ओट्यापाशी उभीच राहू देत नाहीत. चारच्या चहानंतर जिन्यातली पाटी उतरली. यमुनाबाईंनी स्वतः काढली. बजरंगने स्टूल धरलं.

ज्याला उद्देशून ती पाटी लिहिली होती, त्यानेच ती भिंतीवर लावून दिली होती. तेव्हा आधी त्याच्याबद्दल.

बजरंग आणि पूर्णिमा मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडचे. सदाशिव पेठेतल्या या इमारतीत तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून असलेल्या दीड खोलीत राहतात. तो बुधवार पेठेतल्या एका दुकानात मिक्सर दुरुस्त करतो, ती आसपासच्या घरांत पोळ्या करते. नाव बजरंग असलं तरी अंगाने माणूस अगदी काटकुळा, आणि आवाज असा की ऐकायचा तर आधी पंखा बंद करावा लागतो. रविवारी इमारतीतले मिक्सर तो घरीच उघडून बसायचा. दुपारी घरात बाई एकटी असली तरी लोक त्याला बिनघोर स्वयंपाकघरात घ्यायचे. दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पोट भरणाऱ्या माणसाला हे नाव जपावं लागतं, आणि बजरंगने ते जपलं होतं.

मागच्या श्रावणात पूर्णिमाच्या दंडावर एक निळा डाग उठला. दाराची कडी लागली असेल, असं तिने ठरवून टाकलं. मग दुसरा उठला, मग मनगटावर एक. पोटऱ्यांवर मोहरी सांडल्यासारखे बारीक लाल ठिपके आले आणि दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसायला लागलं. तेव्हा बजरंगने तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट इतक्या कमी, की लॅबवाल्याने रिपोर्टची वाट न पाहता फोनच केला. पुण्यात प्लेटलेट म्हटलं की आधी डेंग्यू. दुकानातल्या सगळ्यांनी एकमुखाने पपईची पानं सांगितली. बजरंगने ती आणली, पूर्णिमाने तो कडू रस दोन दिवस नाक दाबून प्यायला. डेंग्यू निघाला नाही, तेव्हा उरलेली पानं तिने त्याच्याच पुढ्यात ठेवली.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात त्यांना रक्ताच्या डॉक्टर भेटल्या, उल्का मॅडम. त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली प्लीहा असते. जुन्या, निकामी झालेल्या रक्तपेशी काढून टाकणं हे तिचं काम. पूर्णिमाच्या शरीराची मात्र गल्लत झाली होती. चांगल्या प्लेटलेटवरच ते परकेपणाचा शिक्का मारत होतं आणि शिक्का दिसला की प्लीहा त्या गिळून टाकत होती.

"वॉचमन समजा," मॅडम म्हणाल्या. "चोरांना अडवायला ठेवला आणि तो सोसायटीच्याच लोकांना बाहेर काढतोय."

आई जिला पाणथरी म्हणायची ती हीच, हे पूर्णिमाला तेव्हा कळलं. रोग सांसर्गिक नाही, आनुवंशिक नाही, हेही मॅडमनी सांगितलं. मग त्यांनी बजरंगला जरा बाहेर थांबायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी पूर्णिमाला हळूच विचारलं, की घरी कोणी हात तर उचलत नाही ना. अंगावर असे डाग दिसले की हे विचारावंच लागतं. पूर्णिमा इतकी हसली की बाहेर बाकावर बसलेल्या बजरंगला ते ऐकू आलं.

"हे?" ती म्हणाली. "हे तर झुरळालेही कागदावर घेऊन बाहेर सोडून येतात."

औषध म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. प्लेटलेट वाढायच्या, गोळी कमी केली की पुन्हा कोसळायच्या. गोळ्यांनी पूर्णिमाचा चेहरा पुरीसारखा फुगला आणि भूक अशी लागू लागली की बजरंगच्या ताटातली भाकरीही ती बोलता बोलता संपवायची. तो दुसरी थापायला घ्यायचा. गोळ्यांनी भागलं नाही तर प्लीहा काढता येते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण हा आजार कधी कधी आपोआप ओसरतो, म्हणून शक्यतो वर्षभर वाट पाहायची.

वाट पाहण्याला हरकत नव्हती. अडचण वेगळीच होती. पूर्णिमाची धाकटी बहीण नम्रता हिचं लग्न अमरावतीच्या एका मुलाशी जमत आलं होतं. थोरलीला रक्ताचा आजार आहे एवढं जरी तिकडे कळलं असतं, तरी सांसर्गिक नाही की आनुवंशिक नाही हे ऐकायला कोणी थांबलं नसतं. इमारतीत दिग्रसकडची आणखी दोन कुटुंबं होती आणि त्यांचे फोन रोज गावाकडे लागत.

"माह्या बहिणीचं लग्न लागू द्या आधी," पूर्णिमा म्हणाली. "मंग साऱ्या पुण्याले सांगा. तोवर कोणाले एक शब्द नाही. शपथ घ्या."

बजरंगने शपथ घेतली.

डाग मात्र शपथेने झाकत नव्हते. पोळ्या लाटताना पदर सरकायचा, बांगड्या वर जायच्या. पहिल्या मजल्यावरच्या यमुनाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि इमारतीच्या सचिव. मुलांच्या हातावरचे वळ ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी पूर्णिमाला विचारलं, तिने कडी लागली म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तिने पुन्हा कडीच सांगितली. मार खाणाऱ्या बाया हेच सांगतात, हे यमुनाबाईंना ठाऊक होतं. त्यात तो सुजलेला चेहरा. त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू नये. शंका आल्यावर दार लावून घेणारी माणसंच जास्त.

एका संध्याकाळी त्यांनी बजरंगला जिन्यात गाठलं.

"बजरंगराव," त्या म्हणाल्या, "नावात शक्ती आहे ती नावातच राहू द्या. हातात उतरू देऊ नका."

कशाबद्दल बोलताहेत ते बजरंगला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान तापले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि नेमकं तेच न बोलण्याची शपथ तो घेऊन बसला होता. तो म्हणाला, "बरं."

ते "बरं" कबुलीजबाब म्हणून इमारतभर पोचलं. रविवारचे मिक्सर यायचे थांबले. तिसऱ्या मजल्यावर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या चैतालीने महिला मदतवाहिनीचा क्रमांक छापलेला एक स्टिकर आणून मीटरच्या पेटीवर, बरोबर त्याच्या दारासमोर चिकटवला. कोपरा उचलला गेला तेव्हा बजरंगनेच तो काळ्या टेपने नीट बसवला. क्रमांक चांगला आहे, त्याला वाटलं, कोणाला तरी लागेल. समोरून येणाऱ्या बाया आता जिन्याच्या कडेला सरकून त्याला वाट देत. हे त्याला सगळ्यात जास्त लागायचं. पूर्णिमाला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच पावली वर जाऊन सगळं सांगून टाकलं असतं, आणि नम्रताचं लग्न जिन्यातच मोडलं असतं.

संक्रांतीनंतर यमुनाबाईंनी पाटी रंगवून आणली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, काना-मात्रा जागच्या जागी.

"या इमारतीत स्त्रियांचा मान राखला जातो. ज्यांना जमत नाही त्यांनी जमवून घ्यावे. आज्ञेवरून, सचिव."

आता भिंतीला भोक पाडायचं होतं आणि इमारतीत ड्रिल एकट्या बजरंगकडे होतं. यमुनाबाई पाटी घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. पूर्णिमा कामावर गेली होती. त्याने पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि ड्रिल काढलं.

"कायमची बसली पाहिजे," यमुनाबाईंनी बजावलं.

त्याने चार भोकं पाडली, प्लग ठोकले, चार स्क्रू पिळले. मग दोन पायऱ्या खाली उतरून पाहिलं. उजवी बाजू किंचित खाली वाटली म्हणून पुन्हा चढून सरळ केली. यमुनाबाई पाहत होत्या. एवढा निर्लज्ज माणूस आपण शाळेतही पाहिला नाही, असं त्या नंतर वर येऊन मला म्हणाल्या.

पूर्णिमा रोज त्या पाटीखालून ये-जा करायची आणि तिला ती फार आवडायची. आपल्या नवऱ्याने लावली, एकदम सरळ, असं ती चार घरी सांगूनही आली. त्या चार घरांनी एकमेकांकडे पाहिलं.

मे महिन्यात नम्रताचं लग्न अमरावतीला थाटात लागलं. पूर्णिमाने भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं आणि कोणी विचारलं की ही पुण्याची फॅशन आहे म्हणून ठोकून दिलं. परतल्यावर दोघं थेट उल्का मॅडमकडे गेले. गोळी सुटत नव्हती, प्लेटलेट टिकत नव्हत्या, वर्ष सरत आलं होतं. रोज घ्यायच्या वेगळ्या गोळ्याही होत्या, पण त्या किती वर्षं घ्याव्या लागतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. पूर्णिमाने ऑपरेशन निवडलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की दहातल्या सहा-सात जणांना याने कायमचं बरं वाटतं, सगळ्यांना नाही. प्लीहा काही जंतूंशी लढत असते, म्हणून आधी लशी टोचल्या आणि मग काही आठवडे थांबवलं.

जुलैत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटावर चार छोटी भोकं. सर्जनने बाहेर येऊन एका भांड्यात वाटीभर जांभळट तुकडे दाखवले. वर्षभर ज्याच्यापायी मान खाली घालून चाललो ते एवढंसं असेल, असं बजरंगला वाटलं नव्हतं. त्याने भांड्यात वाकून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "जुना पार्ट परत देता का?" सर्जन हसले. तपासणीला पाठवायचा असतो, म्हणाले.

प्लेटलेट दोन दिवसांतच चढायला लागल्या आणि चढलेल्या राहिल्या. गोळ्या हळूहळू कमी झाल्या, चेहरा उतरला, हात स्वच्छ झाले. घरी पाठवताना मॅडमनी एक कार्ड दिलं आणि ते कायम जवळ ठेवायला सांगितलं. प्लीहा नसलेल्या माणसाने तापाला कधी हलकं घ्यायचं नाही. ताप आला की काढा नाही, वाट पाहणं नाही, सरळ हॉस्पिटल.

इमारतीत एवढंच कळलं होतं, की पूर्णिमाचं पोटाचं ऑपरेशन झालं. लग्न होऊन गेलं तरी तिची लपवायची सवय गेली नव्हती. आणि आता आपण सांगितलं तर ते सारवासारव वाटेल, म्हणून बजरंग गप्पच. यमुनाबाई मात्र रोज मऊ भात घेऊन येत आणि तिला उठू देत नसत. काल संध्याकाळी डबा ठेवता ठेवता त्यांनी पूर्णिमाचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बजरंगकडे वळल्या.

"एकही डाग नाही," त्या म्हणाल्या. "माणूस सुधारतो, हे मी मान्य करते. पाटीचा उपयोग झाला."

पूर्णिमाने एकदा यमुनाबाईंकडे पाहिलं, एकदा बजरंगकडे. बजरंग जमिनीकडे पाहत होता. जिना, पाटी, बंद झालेले मिक्सर, सगळं तिच्या डोक्यात एका झटक्यात जुळलं. आधी ती हसली, टाके ओढले म्हणून पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"आजी, मारत हे नव्हते," ती म्हणाली. "माही पाणथरी मारत होती." मग तिने पर्समधलं कार्ड काढलं, रिपोर्ट काढले, आणि श्रावणापासून सगळं सांगितलं. बजरंगवर ती उखडली ती वेगळीच. मले कायले नाही सांगितलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तो म्हणाला, "तू शपथ घातली होती ना."

यमुनाबाईंनी रिपोर्ट वाचून खाली ठेवले. डबा तिथेच विसरून वर गेल्या.

आज चारला त्या स्टूल घेऊन खाली आल्या आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. मी काढतो, बजरंग म्हणाला. त्यांनी मान हलवली.

"लावली तुम्ही. काढायची मी."

तो स्टूल धरून उभा राहिला. पहिला स्क्रू हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, बांगड्या खळखळल्या.

"एवढी घट्ट कशाला बसवलीत?"

"कायमची म्हणाला होतात."

स्क्रू निघाला, मग बाकीचे तीन. तोवर जिन्यात चैताली आणि आणखी चार जणी येऊन उभ्या होत्या. यमुनाबाई पाटी छातीशी धरून खाली उतरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, प्रार्थनेनंतर सूचना देतात त्या आवाजात म्हणाल्या, "बजरंगराव, माझी चूक झाली. वर्षभर झाली. हे मी इथेच सांगते, कारण बोलले इथेच होते."

बजरंगने स्टूल बाजूला ठेवलं. तो म्हणाला, "बरं." या वेळी मात्र ते कोणी चुकीचं ऐकलं नाही.

पाटीची मागची बाजू कोरी होती. यमुनाबाईंनी येतानाच खडू आणला होता. तिथेच पायरीवर बसून त्यांनी अक्षरं आखली. रंग उद्या भरणार आहेत. "पूर्णिमाला ताप आल्यास काढा देऊ नये. थेट हॉस्पिटल. आज्ञेवरून." ती आता बजरंगच्या स्वयंपाकघरात लागायची आहे. चैतालीचा स्टिकर मीटरच्या पेटीवर राहू द्यावा, असं बजरंगने स्वतःच सुचवलं.

सहाच्या सुमारास तो माझा मिक्सर घेऊन वर आला, थेट स्वयंपाकघरात. त्याच्या मागोमाग समोरच्या दारातून दुसरा मिक्सर खाली जायला निघाला होता.

मिक्सर चालू झाला. मोठ्या भांड्याचं रबर नवं बसवलं. उद्यासाठी दाण्याचं कूट करून बरणी भरून ठेवली.