जेवण झालं का, असं दिल्लीत विचारू नये

मिरजेहून निघालो त्या दिवशी आमची गाडी चुकली असती, आणि चुकली असती तर ती तुम्हा गल्लीकरांमुळे. रिक्षा दारात उभी होती, बॅगा चढवून झाल्या होत्या, आणि बाबा गल्लीत गडप. मी एकेका घरात डोकावत त्यांना शोधत होते आणि प्रत्येक घरात तुम्ही मला सांगत होतात, आत्ता तर इथे होते, पुढच्या घरी गेले बघ. शेवटी सापडले शकीलाचाचींच्या कट्ट्यावर, हातात चहाचा कप. दिल्लीला निघालेला माणूस निवांत बसून चाचींना विचारत होता, "जेवण झालं का?" मग कप खाली ठेवला, घराची किल्ली चाचींच्या हातात दिली, आणि मंडईत निघाल्यासारखं "येतो" म्हणून उठले. चाची म्हणाल्या, "या लवकर." रिक्षात बसल्यावर मी चिडून म्हटलं, कोपऱ्यावर उभं राहून सगळ्यांना एकदाच हात केला असतात तरी चाललं असतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परगावची आहे.

तुम्ही फोनवर विचारता, कंट्रोलरसाहेब दिल्लीत रमले का. मी म्हणते, हो, मजेत आहेत, आणि विषय बदलते. ते खरं नव्हतं आणि अजूनही पुरतं खरं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यासाठी, आणि आपल्या गल्लीतून माझ्यासारखी बाहेर पडलेली जी मुलं आता आईवडिलांना आपल्याकडे आणायच्या विचारात असतील, त्यांच्यासाठीही.

मी स्वतः पहिल्यांदा घर सोडलं ते केंद्र सरकारच्या नोकरीसाठी. बाबा तेव्हा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. रोज शेकडो माणसांना गाडीत बसवून देणारा हा माणूस माझ्या गाडीपाशी मात्र गप्प उभा होता. दोनच गोष्टी म्हणाले. पोचलीस की फोन कर, आणि शेजाऱ्यांशी ओळख करून घे. फोन मी केला. दुसरी गोष्ट राहिली ती राहिलीच. लक्ष्मीनगरचं पीजी झालं, मयूर विहारला मैत्रिणीबरोबरचा फ्लॅट झाला. सरकारी क्वार्टरसाठी माझा नंबर काही वर सरकेना, आणि सरोजिनी नगरची जुनी क्वार्टर्स तर माझ्या डोळ्यांदेखत पाडली गेली. शेवटी मंडी हाऊसच्या मागे एका गल्लीत दुसरा मजला भाड्याने मिळाला. ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ, कनॉट प्लेस हाकेच्या अंतरावर, आणि तरी गल्लीत शिरलं की कडुनिंबाची पानं पडलेली ऐकू यावीत अशी शांतता. प्रत्येक घराला उंच गेट, गेटवर पितळी पाटी, गल्लीच्या तोंडाशी गार्ड.

खरं सांगायचं तर त्या शांततेवर मी भाळले होते. आपल्या गल्लीत कोणाकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे सगळ्यांना कळायचं. मी परीक्षेत नापास झाले तेव्हा बाबांच्या आधी ते दूधवाल्याला माहीत होतं. इथे मी तीन वर्षं राहिले आणि समोर कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला ते फार आवडत होतं. घरमालकीण भल्ला आंटी खालीच राहत. बोलायला गोड, पण अटींच्या पक्क्या. एग्रीमेंट दर अकरा महिन्यांनी नवं व्हायचं, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "बेटा, बस शांती रखना, यहाँ सब डिसेंट फैमिलीज़ हैं."

मग आई गेली, आणि वर्षभरात बाबांना दोनदा चक्कर आली. दुसऱ्या वेळी ते न्हाणीघरात पडले आणि तुम्ही दार फोडून त्यांना बाहेर काढलंत. त्यानंतर त्यांना एकटं ठेवणं मला जमेना.

दिल्लीत आल्यावर पहिले काही दिवस ते खिडकीत बसून होते. मग एका सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा पाहिलं, तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून तयार. कुठे निघालात, विचारलं, तर म्हणाले, "बसायला." कोणाकडे? "बघू, कोण घरात असेल त्याच्याकडे." मी हसले. मला वाटलं, गेट उघडायला कोणी आलं नाही की परत येतील.

गेट उघडायला लोक आले, हीच अडचण झाली. बाबा बेल वाजवायचे, समोरच्याला नमस्कार करायचे, आणि स्टँडवरच्या कमावलेल्या आवाजात आपल्या मिरजेच्या हिंदीत विचारायचे, "खाना हुआ क्या?" आपल्याकडे याला काय उत्तर द्यायचं हे लहान मुलालाही कळतं. झालं, या, बसा. त्या गल्लीत मात्र अनोळखी म्हातारा दारात येऊन जेवणाची चौकशी करतो याचा एकच अर्थ होता. एका घरातल्या बाईंनी आत जाऊन दोन पराठे आणि लोणचं फॉइलमध्ये बांधून आणलं. बाबांना वाटलं, काय प्रेमळ शेजार आहे. त्यांनी ते घरी आणलं, मला अर्धं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मिरजेहून आणलेली शेंगदाण्याची चटणी वाटीत घालून त्याच दारात उभे राहिले. कोणी काही दिलं तर आपणही द्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

मी ऑफिसात होते. मीटिंग चालू असताना गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. गेटच्या जाळीतून काढलेला. बाबा, टोपी, हातात वाटी. खाली लिहिलं होतं की हा बुजुर्ग माणूस घराघरांत खाना मागत फिरतो आहे, गार्ड काय करतो आहे. त्याखाली भराभर अंगठे. लाज वाटली, आणि लाज वाटली याचा राग आला. ते माझे वडील आहेत असं मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा दोघीतिघींनी "ओह, सॉरी जी" लिहिलं आणि फोटो काढून टाकला. भल्ला आंटींनी संध्याकाळी मला जिन्यात गाठलं आणि समजावलं की अंकल सीधे आदमी आहेत, पर लोग बातें बनाते हैं. फोटोचं मी बाबांना सांगितलं नाही. वाटी तेवढी परत आली, धुतलेली आणि रिकामी. तिच्याकडे ते बराच वेळ बघत बसले.

त्या सगळ्या गल्लीत एकाच दारात त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं. समोरच्या घरी सूरीसाहेब राहत, रिटायर्ड इंजिनिअर, बाबांच्याच वयाचे, गुडघ्यांनी जायबंदी. "खाना हुआ क्या?" ऐकून ते म्हणाले होते, "नहीं हुआ जी, अकेले खाया नहीं जाता, आप बैठो." तेव्हापासून बाबा रोज दुपारी तिकडे. सूरीसाहेबांना मराठी येत नव्हतं, बाबांची हिंदी तुम्ही जाणता. तरी दोघं तासन्‌तास बोलायचे, एक आपण बांधलेल्या पुलांबद्दल, दुसरा त्यांवरून जाणाऱ्या एसटीबद्दल. त्या दिवसांत बाबा जेवत नीट होते, झोपत नीट होते. मला वाटायला लागलं, जमलं आता.

सूरीसाहेबांचा मुलगा राजीव गुरुग्रामला नोकरीला होता. सकाळी गाडीने जायचा, अंधार पडल्यावर यायचा. एका रविवारी तो वर आला. फार अदबीने बोलला, म्हणून जास्त लागलं. पापा घरात एकटे असतात, मेड असते, हल्ली किती काय काय ऐकू येतं, सिक्युरिटीचा इश्यू आहे, तुम्ही समजू शकता. मी समजू शकत होते. मीही माझ्या घरी कोणाला येऊ दिलं नसतं. तो गेल्यावर भल्ला आंटींचा आवाज आला की एग्रीमेंट पुढच्या महिन्यात रिन्यू करायचं आहे, जरा बात करनी थी. त्या रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं की इथे असं कोणाकडे जात नाहीत. "बरं," ते म्हणाले. एवढंच. का, कशासाठी, कोण म्हणालं, काही नाही. सूरीसाहेबांना काय सांगायचं, हेही त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर बाबा शांत झाले. त्यांचा आवाजसुद्धा बारीक झाला. स्टँडच्या पार टोकाला ऐकू जाणारा आवाज, तो मला शेजारच्या खोलीतून ऐकू येईना. दाढी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. टोपी खुंटीला. भल्ला आंटींनी एग्रीमेंटवर सही केली आणि कौतुकाने म्हणाल्या, "अंकल तो अब बिल्कुल एडजस्ट हो गए." मी थँक यू म्हटलं. वर येऊन दार लावलं आणि रडले.

थंडी सुरू होता होता सूरीसाहेब गेले. ग्रुपवर मेसेज आला. प्रेयर मीट अमुक दिवशी, अमुक हॉलमध्ये, चार ते पाच. मी बाबांना सांगितलं, कॅबने जाऊन येऊ म्हटलं. ते म्हणाले, "हॉलमध्ये कोण राहतं? समाचाराला घरी जायचं असतं." प्रेयर मीट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसहून आले तर ते दाढी करून, टोपी घालून बसले होते. मी पर्स ठेवली. त्यांच्याबरोबर गेले.

राजीवने दार उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाबा सूरीसाहेबांच्या नेहमीच्या खुर्चीसमोर, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. पाणी नको म्हणाले. अर्धा तास आम्ही बसलो. मग बाबा उठले, आणि एक शब्द न बोलता, मागे न बघता बाहेर पडले. मीही तशीच निघाले. आपल्याकडची रीत तीच आहे, सुतकाच्या घरातून निघताना कोणी "येतो" म्हणत नाही.

दोन दिवसांनी राजीव वर आला. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "अंकल मुझसे नाराज़ हैं. मैंने रोका था ना उन्हें. बिना बोले चले गए उस दिन." मला क्षणभर कळेना तो कशाबद्दल बोलतो आहे. मग मी त्याला समजावलं की दुःखाच्या घरातून आम्ही निरोप न घेताच उठतो, पुन्हा अशा कारणाने यायची वेळ येऊ नये म्हणून. तो म्हणाला, हॉलमध्ये खूप लोक आले होते, पण घरी तुम्ही दोघंच आलात. पापा शेवटपर्यंत दुपारी विचारायचे, वो मराठी भाईसाहब क्यों नहीं आते. हे त्याने सांगायला नको होतं. बाबा आतल्या खोलीत होते, आणि त्यांना अजून स्वच्छ ऐकू येतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर भल्ला आंटींनी घर सोडायला सांगितलं. कुठल्याशा कंपनीला गेस्ट हाऊससाठी सगळी बिल्डिंग हवी होती. आमच्याशी त्याचा काही संबंध नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. मयूर विहारला पुन्हा एक फ्लॅट शोधला. टेम्पोत सामान चढलं आणि मी वळून पाहते तर बाबा गडप.

या वेळी मला शोधावं लागलं नाही. ते गल्लीच्या एका टोकापासून बेल वाजवत येत होते. काही गेटं उघडली नाहीत. पराठे देणाऱ्या बाईंनी गॅलरीतून हात जोडले. बाबा प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून पुढे सरकत होते, आणि मी टेम्पोवाल्याला म्हणत होते, थांबा भय्या, पाच मिनिटं. शेवटी ते सूरींच्या दारात आले. शनिवार होता, राजीव घरी होता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीतच, जुन्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "येतो." मग माझ्याकडे वळून, त्याला सांग, अशी खूण केली. मी काही सांगायच्या आधीच राजीव म्हणाला, "आना, अंकल."

मी या शहरात इतकी घरं बदलली, पण कुठल्याच दारात "येते" म्हटलं नव्हतं. म्हणायला समोर कोणी असावं लागतं.

मयूर विहारला खाली बाकावर म्हातारी मंडळी बसतात, बाबा त्यांच्यात जाऊन बसतात. पण बेल वाजवत नाहीत आणि कोणाला जेवणाचं विचारत नाहीत. परवा मात्र दाढी करून, टोपी घालून तयार झाले. सूरींच्याकडे जायचं म्हणाले. मी म्हटलं, बाबा, आता तिथे तुमचं कोण आहे? तर म्हणाले, "येतो म्हणून आलोय मी. जायला नको?"

गेलो. मेट्रोत त्यांच्या शेजारी बसले आणि मला तुमची दारं एकेक करून दिसायला लागली. डॉक्टर लांबच्या प्रवासाला नको म्हणतात. मिरजेची तिकिटं मी काढली आणि रद्द केली, पुन्हा काढली आणि पुन्हा रद्द केली. पूर्वी मला वाटायचं, आपण दार लावून घेऊ शकतो ते आपलं घर. आता वाटतं, परत येतो म्हणून जिथून निघालो आणि ज्यांनी ते खरं धरलं, ते आपलं घर. माझं असं एकही नाही. बाबांची आहेत, अख्ख्या गल्लीभर.

तेव्हा शकीलाचाची, कोणी घर विकत मागायला आलं तरी किल्ली देऊ नका. बाबा येतो म्हणालेत.