दसऱ्याला पुजलेला सिलिंडर

यंदा नवरात्रात मी देवीवर रुसले होते. खडी क्रशरच्या धुळीने यांची फुप्फुसं पार खराब झाली. घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आलं, वीज गेली तर असावा म्हणून एक मोठा सिलिंडर कोपऱ्यात उभा राहिला, आणि मी रात्र रात्र यांचा श्वास ऐकत बसू लागले. दरवर्षी भिंगारहून पाथर्डीकडे देवीच्या गडावर जाणारी मी, यंदा उंबरा ओलांडला नाही. तिला आमची काळजी नाही, तर मी तरी कशाला हात जोडू, असं सरळ म्हणून टाकलं.

पण दसऱ्याला अवजारं, गाडी पुजायची आमची रीत. मनात आलं, वीज गेली तेव्हा तेव्हा या घराला खरं तारलंय ते सिलिंडरने, मग पूजा त्याचीच. त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात दिवा लावला. वरचा कॉक जरा घट्ट फिरायचा, म्हणून दिव्यातलंच तेल त्यावर चांगलं चोळलं. हे खाटेवरून बघत होते. म्हणाले, "आता त्याला पुरणपोळी पण भरव." मी हसले आणि तेवढ्यात वीज गेली. मशीन बंद पडलं.

यांची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठ निळसर पडले. मी धावत जाऊन कॉकला चावी बसवली. दारातून एका बाईचा आवाज आला, "ताई, पानी मिळंल का? म्हाताऱ्या मानसाला पायजे." मी वळून बघेपर्यंत ती आत येऊन माझं मनगट धरून उभी. "ह्याला तेल लावलंय का? सोडा ती चावी. आदी दिवा इझवा. तेलाला ह्यो वायू लागला की भडका उडतो, आमच्या सिलिंडरवाल्यानं बजावून सांगितलंय." मी दिवा विझवला. यांना श्वास मिळत नव्हता आणि सिलिंडरला हात लावायची सोय नव्हती.

ती तशीच बाहेर पळाली. रस्त्यावर त्यांची जीप पंक्चर होऊन उभी होती. आत तिचे सासरे, नाकाला नळी, शेजारी छोटा सिलिंडर. गडावर दर्शन घेऊन ते नगरला निघाले होते. सुनेचं बोलणं ऐकलं आणि त्यांनी स्वतःच नाकातली नळी काढली. त्यांच्या मुलाने तो सिलिंडर आत आणून यांची नळी त्याला जोडली. बघता बघता यांच्या ओठांवर रंग आला! मला रडावं की हसावं कळेना. तशीच पाण्याचा तांब्या घेऊन जीपकडे धावले. "बाबा, तुमचं काय?" ते धापा टाकत म्हणाले, "बसल्या बसल्या पुरतो मला दम थोडा वेळ. आत्ताच तिच्या पायावर डोकं ठिवून आलोय, भ्यायचं कशाला?"

चाक बदलून होतंय तोवर वीज आली, मशीन सुरू झालं. बाबांना त्यांचा सिलिंडर परत दिला, त्यांच्या पाया पडले. जीप नेमकी माझ्याच दारात का थांबली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आमच्या सिलिंडरवाल्याने तेलकट सिलिंडर बदलून नेला. मग मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि म्हणाले, "बाई, माझ्याने होईल तेवढं मी करते. बाकी तू बघ." आणि खाटेशी टेकले ती गाढ झोपले. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. हे माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "किती दिवसांनी घोरलीस. मी जागाच होतो, तुझा श्वास ऐकत."