वितळलेल्या टिकल्यांची चुनरी

बी.ए. संपवून मी घरी बसले, तेव्हा वडिलांचं म्हणणं पडलं की मी कॉम्प्युटरचा क्लास लावावा. ते बँकेत होते. त्यांच्या शाखेत नुकताच पहिला कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागतं, हे ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. आईच्या मनात वेगळंच होतं. उज्जैनला फ्रीगंजात आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दुपारचा शिवणाचा वर्ग सुरू झाला होता. तिथे झबली-फ्रॉक नव्हे, तर पर्स, बटवे आणि कपड्यांवरची टिकल्या-मोत्यांची कारागिरी शिकवत. शेवटी सकाळी कॉम्प्युटर आणि दुपारी शिवण, अशी तडजोड झाली. कॉम्प्युटरचं मला आज काहीही आठवत नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. बोलता बोलता त्या हिंदीत शिरत आणि परत मराठीत येत, त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसे. “अस्तर आधी लाव, चेन बाद में,” हे वाक्य तर आम्ही सगळ्या त्यांच्याच सुरात म्हणायचो. हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या असत, भिंतीला लागून पायाच्या चार मशिनी, आणि कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेलं मंडळाच्या गणपतीचं मखर.

घरोघरी केबल येऊ लागली होती. आम्हा पंधरा-वीस जणींना मालिकांतल्या बायकांच्या खांद्याला असते तशी पर्स हवी असायची. बाईंच्या घरी केबल नव्हती. मग आम्ही हातवारे करून आकार सांगायचो, त्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीने आखून कागद कापायच्या आणि दोन दिवसांत जुन्या पडद्याच्या कापडाची, ताठ राहायला आत बुक्रम घातलेली, थेट तशीच पर्स उभी राहायची. माझ्या पहिल्या पर्सचं झाकण उलटं शिवलं गेलं. आई तरीही ती घेऊन भाजीला जायची.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी नानाखेड्याहून यायची. तिच्या घरी माळवी बोलत, आमच्याशी ती हिंदीत बोले. तिचे वडील कामाला होते ती गिरणी बंद पडून दोनेक वर्षं झाली होती. अक्षय्य तृतीयेला तिचं लग्न होतं आणि लग्नाची चुनरी ती स्वतः भरत होती. लाल जॉर्जेट, त्यावर सोनेरी टिकल्या, प्रत्येक टिकलीच्या मध्यावर एक बारीक मोती. एकदा सुईत दोरा ओवता ओवता तिने मला सांगितलं की मोठ्या बहिणीच्या लग्नात चुनरी शेजाऱ्यांची मागून आणली होती. दुसऱ्याच दिवशी घडी करून परत द्यावी लागली. “मुझे अपनी चाहिए,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागली.

लग्नाला सहा दिवस उरले असताना चुनरी पूर्ण झाली. बाईंनी तिला सांगितलं की आता उलट्या बाजूने, वर ओलं कापड ठेवून हलक्या हाताने प्रेस कर. बाई कोणाला तरी मोजमाप दाखवायला आत गेल्या आणि ती ब्लाऊजचे हूक आणायला समोरच्या दुकानात गेली. मला वाटलं, तेवढ्यात आपण करून ठेवावं. मी सुलट्या बाजूनेच प्रेस टेकवली. ओलं कापडही ठेवलं नाही. ती प्रेस जुनी, आच कमी-जास्त करायची सोय नसलेली.

आधी वास आला. प्रेस उचलली तर तळहाताएवढ्या जागेत टिकल्या वितळून काळपट गोळे झाले होते, जॉर्जेट आक्रसलं होतं आणि मधोमध भोक पडलं होतं. डोक्यावर येते नेमकी तीच बाजू.

त्यानंतर मी जे केलं ते पुढे कित्येक वर्षं आईलाही सांगितलं नाही. जळलेला भाग आत जाईल अशी चुनरीची घडी घातली आणि तिच्या पिशवीत ठेवून दिली. ती परत आल्यावर म्हणाले, प्रेस करून ठेवलीये. तिने माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला म्हणून सायकल काढली ती माधव नगरला बाईंच्या घरी नेली. बाई ओट्यापाशी गहू निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, “तिला सांगितलंस?”

मी नाही म्हटलं.

“मग माझ्याकडे कशाला आलीस? तिच्याकडे जा.”

नानाखेड्याच्या बसस्टँडमागे तिचं घर शोधायला मला वेळ लागला. दार उघडंच होतं. खाटेवर चुनरी पसरलेली होती, जळकी बाजू वर. आदल्या संध्याकाळीच तिने ती आईला दाखवायला उघडली होती. तिच्या आईने मला पाणी दिलं आणि हळहळत म्हणाली, बघ ना, हिच्या हातून काय होऊन बसलं. आईच्या मागे ती उभी होती, मी तिच्याकडे पाहिलं. घरात तिने माझं नाव घेतलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “जल गई, वो तो किसी से भी हो जाता. छुपाई क्यों?”

मी रडायला लागले. ती आत जाऊन चुनरी पिशवीत भरून घेऊन आली आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसली.

दुपारी वर्गात बाईंनी चुनरी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. जळका भाग रफू होण्यासारखा नव्हता. तो पदराएवढा पट्टाच त्यांनी आडवा कापून टाकला. त्या जागी जोडायला गोपाल मंदिराच्या चौकातून लाल जॉर्जेट आणलं, पण दुकानातल्या जुन्या टिकल्या संपल्या होत्या. नव्या जरा तांबूस निघाल्या. बाई म्हणाल्या, फरक लपवायला जाऊ नका, उठून दिसू द्या. त्यांनी तांबूस टिकल्यांची वेल आखली आणि तशीच वेल चारही कडांना फिरवली, म्हणजे ती मुळातलीच वाटावी. काम दुप्पट झालं.

चार दिवस आम्ही सकाळपासून बसलो. चुनरी गोल पसरून सगळ्यांच्या मांड्यांवर, एकेक हात जागा एकेकीची. ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता त्याही आल्या. वडिलांनी कॉम्प्युटरचं विचारलं तेव्हा आईनेच सांगितलं की ही आठवडाभर जाणार नाही. तिसऱ्या दिवशी आई स्वतः चष्मा आणि चिवड्याचा डबा घेऊन हॉलमध्ये आली आणि काही न विचारता माझ्या शेजारी बसली. ती मुलगी त्या दिवसांत माझ्याशी फारसं बोलली नाही. पण माझ्या सुईतला दोरा संपला की तिची ओवलेली सुई पुढे यायची. शेवटच्या दुपारी माझ्या बाजूच्या वेलीवरून बोट फिरवत ती म्हणाली, “तेरा टाँका अच्छा हो गया है.” आजवर मला मिळालेल्या शाबासक्यांत ती मी सर्वांत जपून ठेवली आहे.

लग्नाला आम्ही सगळ्या गेलो. चुनरी तिला शोभत होती. सासरच्या एका बाईने किनार हातात धरून विचारलं, इंदूरहून आणली का. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि आम्ही बसलो होतो त्या रांगेकडे बोट दाखवलं. आमच्यातल्या कोणालाच कुठे बघावं ते सुचेना.

ती देवासला गेली. दोन दिवाळ्यांना तिचं कार्ड आलं, दुसऱ्यात मुलगी झाल्याचं लिहिलं होतं. वर्ग आणखी चार-पाच वर्षं चालला. मग फ्रीगंजच्या फुटपाथवर तयार पर्स ओळीने टांगलेल्या दिसू लागल्या, मुली ब्युटीपार्लरचा कोर्स करायला लागल्या आणि एका उन्हाळ्यात बाईंनी वर्ग सुरूच केला नाही. तोवर मी लग्न होऊन नागपूरला आले होते. सामानाच्या हलवाहलवीत देवासचा पत्ता माझ्याकडूनच हरवला. अजूनही लग्नाच्या मांडवात लाल चुनरी दिसली की मी आधी नवरीकडे बघत नाही. जवळ जाऊन टाके बघते, कोणाच्या हातचे असतील म्हणून.