हळदीच्या धवल्याखालचं नाव

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आमच्या घरातलं कुणीही सांगेल. दुसऱ्याचं बोलणं उचलून कुणी स्वतःचं म्हणून ठोकून दिलं की माझं डोकंच फिरतं. म्हणून संगणकावर मी माझ्यापुरती जी विकी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांची वही, ठेवलीय, तिच्यात नियम कडक आहे. एका पानावरचा मजकूर दुसऱ्या पानावर वापरला, की त्याखाली मूळ पानाचा दुवा द्यायचाच. आळस चालत नाही.

या विकीत सगळ्यात मोठा पसारा आत्याच्या धवल्यांचा. धवले म्हणजे आमच्याकडे लग्नात हळदीपासून म्हणतात ती गाणी, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. अलिबागेजवळच्या आमच्या गावात आत्याला बोलावल्याशिवाय लग्न व्हायचं नाही. तिच्या तोंडून ऐकून मी एकेक धवला उतरवून घेतला. धवल्यांत त्याच ओळी फिरून फिरून येतात, हळदीतली ओळ मांडवाच्या धवल्यातही सापडते. प्रत्येक ठिकाणी मी दुवा देत गेले, आणि सगळे दुवे आत्याच्या नावाच्या पानाला जाऊन मिळाले. केवढा अभिमान होता मला त्याचा!

मग आत्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. काही चुकलंबिकलं असेल तर आत्ताच कळावं म्हणून मी तिला सगळं वाचून दाखवायला बसले. पहिल्याच पानावर तिनं हात वर केला.

"यो माजा न्हाय गो बाय. थोरलीचा हाय."

"मग पुढचा?"

"सगलेच तिचे. तिच्या बाजूला बसून, तिच्या मागून म्हनून शिकले मी."

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ, अंगणापलीकडच्या घरातली. गावची धवलारीण आधी तीच होती. पुढे लोक खणखणीत गळ्याच्या आत्याला बोलवायला लागले. आत्या जात राहिली, पण कुणाकडून शिकले हे तिनं एकाही मांडवात सांगितलं नाही. थोरलीनं धवले सोडले आणि आत्याशी बोलणंही सोडलं. दोघींचा अबोला मला ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं. कुंपणावरून असेल म्हणून आम्ही सोडून देत आलो होतो.

मी चिडलेच. "अगं, सगळं गाव तुझं नाव घेतंय, आणि आता हे काय काढलंस?"

"माजा आवाज जायाच्या आत तिचा नाव घाल," ती म्हणाली. "आन तिला जाऊन वाचून दाव. मी गेले तर ती दार लावंल."

मग मी बसले. एक पान बदलून भागत नव्हतं. एकेक ओळ जिथे जिथे वापरली होती, तिथला दुवा काढून थोरलीच्या नव्या पानाकडे वळवायचा होता. आत्याचं पान रिकामं होत चाललं तशी मला रडू आवरेना.

थोरली ओटीवर पांढऱ्या कांद्याची माळ विणत बसली होती. मी मोबाइलवरून वाचत गेले, तिनं मान वर केली नाही. हळदीचा धवला संपला तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

"यातली शेवटली ओल माजी न्हाय. माज्या पोरीच्या हलदीला माजा गला दाटला, पुढं म्हनवंना. तवा तुज्या आत्यानं ती मनानं जोडली. खोटा कशाला लिवतेस? तितं तिचा नाव लिव."

मी तिथल्या तिथे त्या एका ओळीखाली आत्याचा दुवा दिला. घरी येऊन आत्याला सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ऑपरेशन झालं. आत्या गळ्याला पट्टी बांधून घरी आली, आवाज गेला तो गेलाच. दोन-चार दिवसांनी थोरली अंगण ओलांडून आली आणि खाटेपाशी बसली. कशी आहेस, काय आहेस, काही विचारलं नाही. सरळ हळदीचा धवला धरला. आवाज म्हातारा, चिरका, पण एक शब्द चुकला नाही. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली आणि आत्याकडे बघत राहिली.

मला तिचा असा राग आला! बाईचा गळा कापलाय, आणि ही वाट कसली बघतेय?

आत्याचे ओठ हलले. सबंध ओळभर हलले. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"आयकली गो," थोरली म्हणाली.