हाडं पोखरणाऱ्या पेशी

मामाची मुलगी केली तेव्हा मी दहावीला विज्ञान शिकवत होतो. आनुवंशिकतेच्या धड्याला फळ्यावर उंच आणि बुटके वाटाणे काढायचो, पण लग्नाच्या बोलणीत आईपुढे तोंड उघडलं नाही. भावाची लेक सून म्हणून आणायचा तिला हक्कच होता. आमच्याकडे तो मोडला की बहीण-भावाचं येणंजाणं तुटतं.

पोरगा दहा महिन्यांचा असताना, कडेवरून खाली ठेवताना त्याची मांडी मोडली. एक्स-रेत हाडं आतून भरीव, पांढरीफेक. आई आल्यागेल्याला सांगायची, नातवाची हाडं लय दणकट हायेत म्हणून. मला खडू आठवला. तोही भरीवच असतो आणि चिमटीत मोडतो.

मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. अंगात हाड बांधणाऱ्या पेशी असतात, तशा जुनं हाड पोखरणाऱ्याही असतात. त्या तयार करायचा हुकूम ज्या जनुकाकडून सुटतो, तेच पोरात बिघडलेलं होतं. हाड नुसतं बांधलं जात होतं. आत रक्त तयार व्हायला जागा उरत नव्हती, डोळ्यांच्या नसा आवळत चालल्या होत्या. तिघांचंही रक्त तपासायला गेलं.

आईनं निकाल आधीच लावला. खाण तशी माती, म्हणाली. ती खाण तिच्याच माहेरची आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. बायको पोराला पाजायला बसली की आई समोर बसून ऐकवायची, हिच्या अंगातच कीड हाय, ही पोरगं खाणार.

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. एक बिघाड बायकोकडून, अगदी तोच बिघाड माझ्याकडून. मी तो कुणालाच दाखवला नाही. लाज वाटली म्हणून, असं सांगता येईल, पण ते खोटं आहे. शिव्या दुसऱ्याच्या वाट्याला जात होत्या आणि मला बरं वाटत होतं.

चार महिन्यांनी एका दुपारी आई म्हणाली, "हिला सोडचिठ्ठी देऊन वालूरला बापाकडं धाड. धाकटीला करून घेऊ, माझा दादा न्हाई म्हणायचा न्हाई."

धाकटी म्हणजे बायकोची सख्खी बहीण. सून बदलायची, तीही त्याच घरातून! बायको पलीकडे पोराला न्हाऊ घालत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

तेव्हा कुठे मी बोललो. दोष माझ्यातही आहे, तो मला आईकडून आलाय, धाकटीतही असू शकतो. आई म्हणाली, तुला शिकवलं तिथंच चुकलं.

बायकोनं रिपोर्ट कधी आला ते विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी चार महिने तुमी समदं ऐकत बसलात."

तिनं पोराचं अंग पुसलं, त्याला काखोटीला मारलं आणि स्टँडची वाट धरली. मी दारातून हाक मारली. पोराला एव्हाना उजेडाशिवाय काही दिसत नव्हतं, तरी त्यानं आवाजाकडे मान वळवली. तिनं वळवली नाही.