जिवनबाईच्या खोलीतले ससे

साखऱ्याजवळच्या तांड्यावरून जिवनबाई रोज एस.टी.नं हिंगोलीला यायची. औषधशास्त्राच्या कॉलेजातली सशांची खोली सात वर्षं तिच्या हवाली, तीही रोजंदारीवर. २००४ साली तिला कायम करायचा कागद एकदाचा वर गेला होता.

त्याच वर्षी कॉलेजात शिकणारी आखाडा बाळापूरची प्रियंका एक नवं औषध तपासत होती. त्यानं मूत्रपिंडाला अपाय होतो का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी बारा नवे ससे आले. सहा जणांना औषध, सहा जणांना नुसतं पाणी. तीन महिन्यांनी ससे चिरले, तर बाराही जणांची मूत्रपिंडं खड्ड्याखड्ड्यांची, देवी आलेल्या माणसाच्या तोंडावाणी.

"पाणीवाल्यांनासुद्धा खड्डे?" तिचे मार्गदर्शक नागरे सर भडकले. "कोणाला काय दिलं तेच तुला ठाऊक नाही. वर्ष वाया घालवलंस!"

"सर, मी बराबर दिलं होतं."

"मग रोग म्हणावा? ससे तपासून आणलेले, पिंजरे वेगळे. रोग काय उडत आला?"

दारात फरशी पुसणाऱ्या जिवनबाईचा हात थांबला.

तिचा बाप किसनसिंग बैलांचा दर्दी माणूस. दावणीला नवा बैल आला की जुन्यांच्या पायाखालचा ओला चारा त्याच्या अंगाला चोळायचा. वास एक झाला की कोणी शिंग उगारत नाही, म्हणायचा. नवे ससे आले तेव्हा कोपऱ्यात मुटकुळं करून बसले. दोन दिवस गवताला तोंड लावलं नाही. मग तिनं खोलीतल्या जुन्या सशांच्या पिंजऱ्यातलं मुताचं गवत मूठ मूठ त्यांच्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी पोरं कराकरा खायला लागली. केवढी खुशीत होती ती!

आता सांगावं तर आपला कागद गेला. न सांगावं तर ह्या लेकराचं वरीस गेलं. कोरडं झालेलं फडकं ती पुन्हा पिळत राहिली.

"सर, पोरीला काहून बोलून राहिले? रोग म्या आणला."

तिनं सगळं सांगितलं. सर कपाळाला हात लावून बसले. "हे करायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"बापानं. पण त्यानं बैलाचं सांगितलं व्हतं. सशाचं न्हाई."

प्रियंकाला रडता रडता हसू फुटलं. सर हसले नाहीत.

"जुन्यातला एक आणा. औषधाचा थेंबही न दिलेला."

जिवनबाईनं म्हातारी मादी छातीशी धरून आणली. "सुई टोचा, पण धरते मीच. दुसऱ्याच्या हाताला भेते ती."

ती मादी चिरली, तर तिच्या मूत्रपिंडावरही तेच खड्डे निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीही दिसला. जुन्या सशांत तो आधीपासून मुक्कामाला होता, अन् मुताच्या गवतातून नव्यांत गेला होता.

"तुझं खरं होतं," सर प्रियंकाला म्हणाले. "नवे ससे आणून पुन्हा कर. मुदत मी मागून घेतो." मग जिवनबाईकडं न बघता म्हणाले, "खोलीतला एकही ससा आता जिवंत ठेवता येणार नाही. आणि बाई, तुमचा कागद मला परत मागवावा लागेल."

"मागवा सर."

ती पिंजऱ्यांपाशी गेली. जुन्यातले अजून अकरा होते. प्रियंका बाह्या वर सारून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"मावशी, कसं धरायचं ते दाखवा."

"मानंला नको. खालून हात घाल. अस्सं. अन् जरा बोलत ऱ्हाय त्याच्याशी."